बाळ किती वाजता पोहोचलं ते लिहिता, कसं पोहोचलं तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोन केल्यापासून रुग्णवाहिका किती मिनिटांत दारात येते, याची बातमी आपल्या दैनिकाच्या नागपूर पानावर वाचली. मिनिटं मोजायलाच हवीत. पण गाडीतून नेलेलं आजारी नवजात बाळ कुठल्या अवस्थेत पोहोचतं, हे त्या बातमीत नव्हतं. त्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

मी एकतीस वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची चौदा वर्षं नागपुरातल्या एका रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या कक्षात गेली. दुसरीकडे जन्मलेलं बाळ, आमच्या बोलण्यात ‘आउटबॉर्न’, आलं की ते दाराशी हातात घ्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते कुठल्या एका रुग्णालयाबद्दल नाही.

बाळ हातात आलं की मी आधी त्याच्या तळपायाला हात लावायची, मग पोटाला. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळ थंडीशी झगडतंय. पोटही गार लागलं तर ते झगडून थकलंय. मग काखेत थर्मामीटर. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं लागतं. ३६ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर, ३२ च्या खाली म्हणजे अतिगंभीर. घरच्यांना फॅरनहाइट कळतं, म्हणून त्यांना सांगायचं, ‘साडेसत्त्याण्णवच्या वर पाहिजे.’

जानेवारीतली एक रात्र सांगते. नागपूरची जानेवारी आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या रात्री दोन तासांच्या अंतराने दोन बाळं आली. पहिलं रिंग रोडच्या आतल्याच एका नर्सिंग होममधून आलं होतं. गाडीला वीस मिनिटंसुद्धा लागली नव्हती. वजन सतराशे ग्रॅम, श्वास घेताना कण्हत होतं. वरून जाडजूड ब्लँकेट, लाल फुलाफुलांचं. ब्लँकेट काढलं तर आत सुती कापड, आणि ते कापड ओलं. जन्मल्यावर ज्यात पुसलं त्याच कापडात गुंडाळून त्यावर ब्लँकेट घातलेलं. तापमान ३३.८. टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली तर २८, म्हणजे फारच कमी. नाकाशी ऑक्सिजनची नळी, सिलिंडर पूर्ण उघडलेला, बोटाला ऑक्सिमीटर कुणी लावलेलाच नाही. आम्ही लावला तर आकडा शंभर. कमी दिवसांच्या बाळाला इतका ऑक्सिजन तासन्‌तास मिळाला तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर बेततं, हे आता माहीत नसण्याचं कारण नाही. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ, ‘पुढील उपचारांसाठी रेफर’. वेळ लिहिलेली नव्हती.

दुसरं बाळ उमरेडच्याही पलीकडून आलं. चौदाशे ग्रॅम. आईला रक्तस्राव झाल्याने ती येऊ शकली नव्हती. तिथल्या सिस्टरने बाळाला कोरडं करून, टोपी-मोजे घालून, बाळाच्या आत्याच्या उघड्या छातीशी उभं बांधलं होतं. वरून तिचं पातळ, त्यावर शाल, त्यावर घोंगडी. आत्या पट्टा लावून गाडीत बसलेली, बाळाची मान सरळ राहील अशी धरून. चिठ्ठीवर लिहिलेलं: निघताना रात्री ११.१०, तापमान ३६.७, साखर ५८, नळी न लावता, साध्या हवेवर ऑक्सिजन ९३. निघण्याआधी त्या सिस्टरने आम्हाला फोनही केला होता, त्यामुळे बाळाला ऊब देणारा वॉर्मर तापून तयार होता. आमच्याकडे आल्यावर तापमान ३६.५, साखर ५४. आत्याने बाळ सोडताना मला विचारलं, ‘बाई, बरोबर धरलं नं मी?’

रुग्णवाहिकेच्या हिशेबात पहिली फेरी उत्तम ठरली असेल. अंतर कमी, वेळ कमी, काम फत्ते. दुसरी फेरी दीड तासाची, म्हणजे रेंगाळलेली. वेळेखेरीज काहीच मोजलं जात नसल्यामुळे हा उलटा निकाल कुणाच्या लक्षातही आला नसेल.

चौदाशे ग्रॅमचं ते बाळ सव्वीस दिवसांनी घरी गेलं. सतराशे ग्रॅमचं तिसऱ्या दिवशी दगावलं. ते थंडीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. फुप्फुसं कच्ची होती, आजार मोठा होता. पण ते वीस मिनिटांत आमच्यापर्यंत ज्या अवस्थेत आलं, त्या अवस्थेची नोंद आमच्या केसपेपरवर झाली आणि तिथेच राहिली. ज्यांनी पाठवलं आणि ज्यांनी आणलं, त्यांना ते कधी कळलंच नाही. त्यांनी पुढचं बाळही तसंच पाठवलं असणार.

त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर सीताबर्डीत दोनशे पानी वही घेतली. रकाने आखले: तारीख, वेळ, कुठून, वजन, निघतानाचं तापमान, पोहोचल्यावरचं तापमान, साखर, आधी फोन आला का, चिठ्ठी पूर्ण होती का, आई कुठे आहे. पुढची सहा वर्षं ती वही लिहिली. पोहोचल्यावरचा रकाना मीच भरत होते, तो भरला. ‘निघताना’चा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे. विचारायची मी प्रत्येकाला. उत्तर यायचं, ‘बरं होतं तेव्हा.’

थंडीचाच एवढा बाऊ का, असं काही वाचक म्हणतील. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखं कुडकुडता येत नाही. खांद्यांपाशी, पाठीच्या कण्याशी एक खास चरबी असते, ती जाळून ते ऊब तयार करतं. जाळायला ऑक्सिजन लागतो, साखर लागते. आधीच श्वासाला कमी पडलेलं बाळ थंड पडलं की ऑक्सिजन आणखी कमी पडतो, साखर खाली येते, रक्तातलं आम्ल वाढतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात. कमी दिवसांच्या बाळाकडे तर ती चरबीही पुरेशी नसते. अमेरिकेत अतिशय कमी वजनाच्या बाळांवर केलेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दाखल होताना तापमान एका अंशाने कमी असलं, तर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी जास्त आढळली. आणि थंडी टाळायला लागतं काय? कोरडं कापड, टोपी, कुणाची तरी छाती. छातीशी धरायची ही ‘कांगारू’ पद्धत रुग्णालयात सुरू झाली ती १९७८ साली कोलंबियात, बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या तेव्हा. आपल्याकडच्या आज्यांना ती नावाशिवाय ठाऊक होती.

थंडीचा त्रास फक्त थंडीतच होतो असंही नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असताना गार पडलेली बाळं माझ्या हातात आलेली आहेत. कारण गाडीतला एसी सोबतच्या माणसांसाठी पूर्ण सोडलेला आणि त्याचा झोत थेट बाळावर. उलटही पाहिलं आहे. बिनएसीच्या व्हॅनमध्ये दुपारी दोन वाजता चार कपड्यांत गुंडाळून आणलेलं बाळ, तापमान ३८.६. ते जंतुसंसर्गाचं समजून त्याच्यावर प्रतिजैविकं सुरू झाली असती. निघताना ३६.८ होतं असं कुणी लिहून दिलं असतं, तर तो ताप प्रवासाचा आहे हे निदान डोक्यात तरी आलं असतं.

माझ्या मनात कायम सलणारी एक तुलना आहे. माझ्या नोकरीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. तिथे लशींचा फ्रीज होता. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवं, रविवारीही चुकवायचं नाही. लस उपकेंद्रात न्यायची तर बर्फाच्या पॅकसह डब्यात. पोलिओच्या लशीच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागली की तो काळवंडतो, म्हणजे ती लस प्रवासात कशी राहिली हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. याला शीतसाखळी म्हणतात आणि ती मोडली तर जाब विचारला जातो. विचारलाच पाहिजे. पण त्याच केंद्रातून निघालेल्या एखाद्या बाळाची ऊब वाटेत किती गेली, हे विचारणारं कोणी नाही. बाळाच्या उबेच्या साखळीलाही जागतिक आरोग्य संघटनेने नाव दिलेलं आहे. रजिस्टर मात्र नाही.

हे मोजायचं कसं, याचा शोध आता लावायचा नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ट्रिप्स नावाची गुणपद्धत मांडली. तापमान, श्वासाची स्थिती, रक्तदाब आणि टोचल्यावर बाळ कसा प्रतिसाद देतं, एवढ्या चारच गोष्टी. प्रवासाआधी एकदा, पोहोचल्यावर एकदा. आपल्या देशात त्याहून सोपी टॉप्स पद्धत अभ्यासली गेली. तापमान, ऑक्सिजन, रक्ताभिसरण, साखर. रक्ताभिसरणासाठी यंत्रसुद्धा लागत नाही. छातीच्या हाडावर बोट दाबून सोडायचं आणि पांढरी पडलेली जागा तीन सेकंदांत गुलाबी होते का पाहायचं. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका डॉक्टरांनी हे फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा माझी वही म्हणजे त्याचाच अर्धामुर्धा प्रयत्न होता हे मला कळलं.

दोनदा मोजण्यात न्याय आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त पोहोचल्यावरचं मोजलं तर गडचिरोलीहून आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्ता कापत आलेल्या गाडीवर अन्याय होतो. त्या गाडीत बसलेलं बाळ मुळातच जास्त आजारी असतं, म्हणून तर ते इतक्या लांब पाठवलेलं असतं. निघताना ३४.५ असलेलं बाळ ३६ वर आणून पोहोचवणाऱ्या पथकाने कमाल केलेली असते. ३६.८ चं बाळ वीस मिनिटांत ३५ वर आणणाऱ्यांनी चूक केलेली असते. एकाच आकड्यावरून हे दोघे ओळखता येणार नाहीत.

आणि हे आकडे शिक्षेसाठी वापरायचे असतील तर न मोजलेलेच बरे. मी नोकरीत पाहिलं आहे. तपासणी येणार म्हटलं की महिन्याभराचे रकाने एकाच पेनने भरले जातात. उद्या प्रत्येक चिठ्ठीवर ३६.५ लिहून यायला लागलं, तर तो आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त घातक, कारण कोरा रकाना निदान खोटं बोलत नाही. बाळ पोहोचल्यावर पाठवणाऱ्या सिस्टरला फोन जावा, ‘तुमचं बाळ ३५.२ वर आलं, वाटेत टोपी निघाली होती.’ तिला पुढच्या वेळी काय करायचं ते तेवढ्याने कळतं. मी स्वतः असे काही फोन केले. सुरुवातीला समोरची माणसं रागावली. नंतर त्यांतल्या एका ठिकाणाहून निघण्याआधी आम्हाला विचारायचे फोन यायला लागले.

थर्मामीटरचाही प्रश्न आहे. साधा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो. त्याच्या खाली बाळ ३४ वर आहे की ३२ वर, ते तो सांगूच शकत नाही. त्यामुळे मापलं तरी ‘पारा चढला नाही’ एवढंच कळतं, आणि कित्येकदा ते ‘ताप नाही’ असं वाचलं जातं. कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर महाग नसतो. बाळं नेणाऱ्या प्रत्येक गाडीत तो, लहान बाळाला लागेल असा ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि चार कोरडी सुती कापडं आहेत का, हे गाडीच्या टायरइतक्याच नियमाने तपासलं जावं.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्याआधीची परिस्थिती मी पाहिलेली आहे, म्हणून या सेवेविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाची ने-आण मोफत आहे, हाही मोठाच आधार. पण ऑटोत, भाड्याच्या जीपमध्ये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलेली बाळंही माझ्या वहीत आहेत. ती कुठल्याच सेवेच्या हिशेबात नाहीत. म्हणून नोंद गाडीची नको, बाळाची हवी, मग ते कशातूनही येवो.

घड्याळ कुठून सुरू करायचं, हेही ठरवायला हवं. गाडी किती मिनिटांत आली हा मधला तुकडा झाला. ‘या बाळाला हलवायला हवं’ असं कुणाच्या तरी मनात आलं तिथपासून ते बाळ योग्य खाटेवर पडेपर्यंतचा वेळ हा खरा वेळ. नागपुरात सगळ्या विदर्भातून बाळं येतात, छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडूनही येतात. आधी फोन न करता निघालेलं बाळ एका दारातून ‘जागा नाही’ ऐकून दुसऱ्या दाराशी आणि तिथून तिसऱ्या दाराशी जातं. या शहरातल्या शहरातल्या फेऱ्यांत गेलेला वेळ कुठेच लागत नाही. काही बाळांना तर तो अजिबात परवडत नाही. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तर नियंत्रित थंडाव्याचा, म्हणजे बाळाचं अंग मुद्दाम ठरावीक प्रमाणात थंड ठेवायचा उपचार सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. तो तज्ज्ञांनी, यंत्रावर नजर ठेवून करायचा असतो. ओल्या कापडातून आलेली थंडी म्हणजे उपचार नव्हे, हेही इथेच सांगून ठेवते, कारण मला एकदा तसं ऐकवण्यात आलं होतं.

आणि काही बाळांना जन्मल्यावर हलवावंच लागू नये. सात महिन्यांत कळा सुरू झालेल्या बाईला वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर बाळ आईच्या पोटातूनच प्रवास करतं. त्याहून चांगली गाडी अजून कोणी बनवलेली नाही. किती बाळांच्या बाबतीत हे शक्य होतं आणि झालं नाही, तेही त्याच कागदावर यावं.

माझ्या वहीतला शेवटचा रकाना ‘आई कुठे आहे’ हा पाहून माझ्याच सहकारी विचारायच्या, हे कशाला? बाळ इथे आणि आई साठ किलोमीटरवर, म्हणजे बाळाला आईचं दूध नाही. बाप दोन ठिकाणी पळतोय. आईला चार दिवस कुणी खरं सांगत नाही. अशा आयांना आणलं जायचं तेव्हा दूध आटत आलेलं असायचं. बाळाच्या वाहतुकीचा दर्जा मोजायचा तर आई किती तासांनी बाळापाशी पोहोचली हे मोजावंच लागेल.

हे सगळं मोठ्या शहरातल्या यंत्रांचं काम आहे, आपल्या तालुक्यांना झेपणार नाही, असं कुणी म्हटलं तर मी त्यांना आपल्याच विदर्भाकडे बोट दाखवेन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. वजन करायचं, तापमान घ्यायचं, श्वास मोजायचे, लिहायचं आणि जमेल तो उपचार घरीच करायचा. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. झोपडीत कंदिलाच्या उजेडात ज्यांनी थर्मामीटर वाचून वहीत लिहिलं, त्यांच्या पुढची पिढी आज आशा म्हणून गावोगाव काम करते आहे. रुग्णवाहिकेत दिवा असतो.

आरोग्य विभागाकडे आणि शहरातल्या खासगी नवजात कक्षांच्या चालकांकडे माझी मागणी एका कागदाची आहे. डाव्या बाजूला ‘निघताना’, उजव्या बाजूला ‘पोहोचल्यावर’. दोन्हीकडे वेळ, तापमान, ऑक्सिजन, साखर, छातीवरचा रंग. खाली आधी फोन झाला का, आई कुठे आहे. एक प्रत बाळासोबत, एक पाठवणाऱ्याकडे परत. नागपूर जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांपुरतं तरी सुरू करा. आणि दर महिन्याला किती बाळं ३६.५ च्या वर पोहोचली, हे गाड्यांच्या मिनिटांशेजारी आपल्या दैनिकाने छापावं, ही विनंती आपल्याला.

माझी वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात कुठल्या बाळाचं नाव नाही. तारीख, गाव, ग्रॅम आणि अंश, एवढंच. हा कागद करायला बसणाऱ्या कुणालाही ती द्यायला मी तयार आहे. रकाने तयारच आहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मानेवाडा, नागपूर